चंद्रभागा मावशींनी मागून घेतलेला उपास

चंद्रभागा मावशींचं नाव आधी सांगतो, मग काय घडलं ते. मेहकरला बालाजीच्या देवळामागे एका धर्मशाळेच्या दोन खोल्यांत सुयांचा, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून उपचार करणारा दवाखाना चालायचा. तिथे मावशी स्टोव्हवर सुया उकळायच्या. त्या डॉक्टर नव्हत्या, शिकलेल्याही नव्हत्या. त्यांचा भाजीचा मळा होता. सकाळी वांगी, मेथी बाजारात देऊन यायच्या आणि दुपारपर्यंत दवाखान्यात सेवा करायच्या, कारण त्यांचे गुडघे तिथेच सुधारले होते. मला जे मिळालं ते देवाने दिलं असं मी मानतो. पण ते मावशींच्या हातून आलं.

मी मूळचा मालवणकडचा. सातवीत शाळा सुटली, शिवणकाम शिकलो आणि ओळखीच्या ओळखीतून इतक्या लांब मेहकरला एका शिंप्याच्या दुकानात कापडं बेतायला लागलो. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, लग्नं पुन्हा दणक्यात होऊ लागली होती, कामाला उसंत नव्हती. एका दुपारी बाकाच्या पाठीवरून उजवा हात खाली टाकून मी गाढ झोपलो. उठलो तर मनगट लोंबत होतं. बोटं सरळ होईनात. अंगठा तर दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मालक म्हणाले, मुंग्या आल्या असतील, जातील. आठवडा गेला, कात्री काही धरता येईना. कात्री धरता येत नसेल तर या गावात माझं काय काम, आणि असा हात घेऊन घरी तरी कोणत्या तोंडाने जायचं, हेच डोक्यात फिरायचं. शेवटी बालाजीपुढे उभा राहून मी नवस बोललो, की अंगठा कात्री धरेपर्यंत दिवसा अन्नाला शिवणार नाही, दिवेलागण झाल्यावर एकदाच खाईन. आणि बोललेला नवस कुणाला सांगायचा नसतो, सांगितला की वाया जातो, असं आमच्याकडे मानतात. म्हणून गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी मालकांनीच मला त्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले होते आणि सुयांची विद्या बाहेर कुठेतरी शिकून आले होते. कुणाच्या पाठीला कातडी ओढून धरणाऱ्या पेल्यांच्या तुंबड्या लावलेल्या, कुणाच्या गुडघ्याला वाळल्या पाल्याच्या पेटत्या वळकटीचा शेक चाललेला. दारात मावशी प्रत्येकाला विचारायच्या, "जेवून आला का?" रिकाम्या पोटी सुया टोचत नाहीत, असा तिथला नियम. मी म्हणालो, हो, भाकरी खाऊन आलो. पहिली सुई पाहून मी हात मागे घेतला तेव्हा तुंबड्या लावून पालथे पडलेले एक आजोबा म्हणाले, "शिंपी असून सुईले भेतं का बे?" मावशी म्हणाल्या, "तो कपड्याले टोचते आजा, कपडा बोंबलत नाही." सगळे हसले. मीही हसलो. पाच दिवस मी रोज दारात तेच खोटं बोललो.

सहाव्या दिवशी सुया लावलेल्या असतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली. भानावर आलो तेव्हा जमिनीवर होतो, सुया काढलेल्या होत्या आणि मावशी तोंडात गुळाचं पाणी घालत होत्या. "खरं सांग, काय खाल्लं सकाळी?" मग मी नवसाचं सांगून टाकलं. डॉक्टर चिडले. म्हणाले, "उपास तरी करा, नाहीतर सुया तरी घ्या. दोन्ही इथे चालायचं नाही." मला रडू आलं. नवस सांगून बसलोच होतो, आता मोडलाही तर देव हात नेईल आणि नाही मोडला तर दवाखाना बंद. मी तसं म्हणालोही.

मावशींनी पदराला हात पुसले. "मंग तुहा उपास मले दे," त्या म्हणाल्या. "नवस मोडाचा नाही अन् तू उपाशी राहाचा नाही. दान देतेत तसं पाणी सोड माह्या हातावर." डॉक्टर म्हणाले, "चंद्रभागाबाई, तुमचं वय काय, मळ्यातलं काम काय?" "मी कुठं सुया टोचून घेऊन राह्यली?" त्या म्हणाल्या आणि ओंजळ पुढे केली. दान उजव्या हाताने द्यायचं आणि माझा उजवा हात तर पाण्याचा पेला धरेना. तेव्हा त्यांनीच एका हाताने माझं मनगट खालून उचललं, पेला बोटांत अडकवला आणि तो कलता करून पाणी स्वतःच्या दुसऱ्या तळहातावर घेतलं. मग फडक्यातली भाकरी आणि वांग्याची भाजी माझ्यापुढे सरकवली. "आता जेव बापू."

मला वाटलं, माझ्या समाधानासाठी केलं असेल. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांचं भाकरीचं फडकं दवाखान्यात आलं नाही. रोज दारात त्या विचारायच्या, "जेवला का?" आणि मला खरंच जेवून यावं लागायचं. मी देवाशी सौदा मांडला होता, माझी भूक घे आणि माझा हात दे. आता द्यायला माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं. फक्त घ्यायचं होतं, तेही मान खाली घालून. हे उपासापेक्षा जड गेलं. पण काही दिवसांनी काळजीच थकली म्हणा, मी रात्री नीट झोपू लागलो.

महिन्याभराने मनगट वर येऊ लागलं, मग बोटं. एका सकाळी मावशींनी जुन्या धोतराचं पान आणि दवाखान्याची कात्री पुढ्यात ठेवली. "पट्ट्या पाहिजेत," एवढंच म्हणाल्या. पहिली पट्टी वाकडी गेली, दुसरी सरळ. डॉक्टर म्हणाले, "दबलेली नस कधी आपोआपही सुटते. सुयांनी सुटली की वेळेने, मला सांगता येणार नाही." मीही त्यावर वाद घालत नाही. मावशी देवळात जाऊन आल्या आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून जेवल्या. त्यांना भर दुपारी जेवताना मी महिन्याहून जास्त दिवसांनी पाहत होतो.

मी पायांशी बसून विचारलं, मावशी, मी काय देऊ? त्यांनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मग म्हणाल्या, "तुह्या मायले भेटाचं हाय एकडाव. पोरगं परमुलखात उपाशी नोतं, एवढं तिले माह्या तोंडानं सांगाचं हाय." गुडघे अजून चालतात तोवर मी मावशींना एसटीत बसवून मालवणला घेऊन जाणार आहे. कधी, ते अजून ठरलेलं नाही, पण जाणार आहे.