आधी उत्तर, मग प्रश्न

इराणमधल्या महल्लात शहरात हश्मत आगांच्या कारखान्यात थडग्यांचे दगड घडायचे. मनीजे तिथे चौदा वर्षं कॉम्प्युटरवर मजकुराची मांडणी करत होती; यंत्र तो काळ्या दगडात कोरायचं. फारसी ओळ उजवीकडून सुरू होते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सॉफ्टवेअरला मात्र दर वेळी नव्याने शिकवावं लागायचं.

आगांनी अंथरूण धरलं आणि त्यांचा जावई बहरूज खुर्चीत येऊन बसला. पहिल्याच आठवड्यात त्याचं आणि मनीजेचं बिनसलं.

"मनीजे खानम, डावीकडचं बटण दाबलं की ओळ उजवीकडे का पळते?"

"ते बटण ओळ सुरुवातीच्या कडेला लावतं. आपली सुरुवात उजवीकडे."

"म्हणजे बटण खोटं, तुम्ही तेवढ्या खऱ्या!"

"बटणं हवी तेवढी दाबा, बहरूज आगा. मजकुराच्या दिशेला हात लावू नका."

बहरूजने नेमकं तेच केलं. मनीजे आईला घेऊन अराकला डॉक्टरांकडे गेली होती, त्या दुपारी त्याने मजकुराची दिशा डावीकडून करून टाकली. बटणं एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. खूश होऊन त्याने फाइल यंत्राला दिली.

दगड होता तूबा खानम या निवृत्त मास्तरणीच्या नवऱ्याचा. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीच्या आदल्या दिवशी ती दोन मुलांना घेऊन आली. दगडावर बोट फिरवत वाचू लागली आणि थबकली. तिने स्वतः रचलेल्या, एकाच ओळीत शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन चरणांपैकी पहिल्यात प्रश्न होता, दुसऱ्यात उत्तर. दगडावर उत्तर उजवीकडे, म्हणजे आधी, आणि प्रश्न त्याच्या मागे. खाली मृत्यूचं साल आधी, जन्माचं नंतर.

"माझा नवरा काय मेल्यावर जन्मला?"

"अक्षरं या बाई बघतात," बहरूजने बोट दाखवलं.

मनीजेने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. यंत्राला गेलेली फाइल उघडली, तिच्यावरची वेळ दाखवली. "या वेळी मी अराकला होते." मग एक क्लिक करून दिशा बदलली. दोन्ही चरणांनी जागा बदलल्या, सालंही सरळ झाली.

थोरल्या मुलाने बहरूजची कॉलर धरली. पण म्हातारी मनीजेकडेच वळली.

"याला वाचायचं भान नाही, हे तुला माहीत होतं ना? मग जाताना खोलीला कुलूप का नाही घातलंस? हा मूर्ख आहे. तू तर बेपर्वा निघालीस."



"उद्यापासून येऊ नका," कॉलर सोडवत बहरूज मनीजेवर खेकसला.

"उद्या कशाला? आत्ताच निघते. फाइल मात्र घेऊन जाते."

ती समोरच्या मुराद आगांच्या कारखान्यात गेली. बहरूजशी त्यांचं जुनं वैर असल्यामुळे दगड लगेच मिळाला. कोरून होईपर्यंत ती यंत्राशेजारून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी कबरस्तानात तूबा खानमने दगड दोनदा वाचला. चूक सापडली नाही. मग सगळ्यांना हलवा वाटला; मनीजेपाशी आल्यावर ताट घेऊन सरळ पुढे गेली. मनीजे शेवटपर्यंत तिथेच उभी राहिली.

मुराद आगांनी तिला कामावर ठेवलं. पहिल्याच सकाळी तिने सांगून टाकलं, "मी मोठ्याने वाचल्याशिवाय एकही दगड यंत्रावर चढणार नाही."

"आल्या आल्या दमदाटी?"

"हो," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली.