गोणपाटाखालच्या विटा

हे मी आमच्या मालकालाबी सांगितलं न्हाई. तुम्हाला कामून सांगायलेय? ठाव न्हाई.

मी लई संशयी बाई. बाजारात कुणी दोन लिंबं वर घातली तर आधी सडकी हायेत का बघती. ह्या स्वभावानं माझ्या दिराचं, महादेवचं वाटोळं केलं. न्हाई — स्वभावानं कशाला? मी केलं.

औरादजवळ आमचं गाव. दोघा भावांनी शेजारी-शेजारी घरं बांधायची ठरवली. महादेव अंगणातच लाल मातीत थोडं सिमेंट कालवून साच्यात विटा पाडायचा, बिनभट्टीच्या. त्यानं दोन ढीग घातले. आमचा वल्ल्या गोणपाटाखाली, त्याचा उघडा, उन्हात. मी बोटानं वाजवून बघितलं. त्याची वीट खणखणीत, आमची भदभद. झालं, डोकंच फिरलं! म्हटलं, कच्चा माल झाकून आमच्या गळ्यात मारायलाय.

तो बायकोला घेऊन नौबादला लग्नाला गेला, अन् इकडं गवंडी आला. तुमचा ढीग कोणता, म्हणून विचारलं. मी उघड्याकडं बोट केलं. मग दुसऱ्यावरचे गोणपाटबी काढले, अन् त्या विटा महादेवच्या ढिगाच्या जागी रचायला लावल्या. महादेव परतला तवर आमच्या भिंती उभ्या होत्या, अन् उरलेला ढीग वाळून त्याच्या उघड्या ढिगासारखाच दिसायला होता. तो त्यानं आपला म्हणून लावला.

पावसाळ्यात आमची पश्चिमेची भिंत चिखल होऊन बसली. त्याची जशीच्या तशी. मालकांनी त्याला चारचौघांत चोर म्हटलं. तो त्यांच्याशी भांडला न्हाई. माझ्याकडं वळला.

"वहिनी, गोणपाटाखालच्याच लावल्या ना? वल्ली ठेवल्याबिगर ह्या विटेला जोर येत न्हाई. पाणी दोन्हीला पुरेना, म्हणून तुमच्याच ढिगाला घातलं मी."

तव्हा कळलं मला. उन्हात घाईनं वाळलेली वीट नुसती वाजती, पावसात टिकत न्हाई. चांगल्या विटा त्यानं आम्हाला दिल्या होत्या. बोलायला काय झालं होतं मला? — पण सगळे बघायले होते.

"व्हय," म्हटलं मी. "त्याच लावल्या."

त्यानं मान खाली घातली. स्वतःच्याच हाताचा संशय आला त्याला. साचा मोडीत घातला. आता मैलूरला दुसऱ्याच्या बांधकामावर गोण्या उचलायलाय. भावा-भावांत बोलणं न्हाई. जाऊ नुसती हसली तरी मला वाटतंय — हिला कळलं का?

त्याची भिंत अजून उभी हाय. येणारे-जाणारे म्हणत्यात, बघा, चांगल्या विटा सोत्ताला ठेवल्या. मी तिथंच असती. ऐकती, अन् मान डोलावती.