फोटोआधी पाणी

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हाच्या एका दुष्काळी उन्हाळ्यात कचेरीसमोरच्या लिंबाखाली एक फोटोग्राफर बसायचा. अर्जांना फोटो लागत, म्हणून गर्दी असे. मी नुकताच कॅमेरा घेतला होता; शिकायला त्याच्याजवळ जाऊन बसायचो. नाव कधी विचारलं नाही.

माणूस सावलीत बसवायचा, तोंड उजेडाकडं, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, एवढं पहिल्याच दिवशी शिकलो. तो मात्र आधी माठातलं पेलाभर पाणी द्यायचा. पिणाऱ्यानं मिशी पुसली, की खट्. ‘हसा’ असं कुणालाच म्हणायचा नाही.

मी म्हणालो, “पुण्य करताय.”

“पुन्य कशाचं? तहानलेले समदे एकसारखेच दिसतेत. साहेबानं वळखावं कसं?”

एके दिवशी टँकर आलाच नाही. संध्याकाळी औशाची एक म्हातारी आली. अर्जाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. माठ कोरडा होता. त्यानं पिशवीतला स्वतःचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या काढला आणि तळाचं घोटभर पाणी तिला दिलं. मला म्हणाला, “तू काढ.”

मी काढला. चांगला आला असणार, असं वाटलं. त्याच आनंदात कॅमेरा त्याच्याकडं वळवला.

त्यानं हात आडवा धरला. “माझा आज नगं.”