दुसरी टाकी

जयपूरला जगतपुऱ्याच्या पुढे, एका कॉलेजच्या मागच्या बाजूला आमच्या प्रयोगाच्या सिमेंटच्या टाक्या आहेत. दोन टाक्यांत रोहू माशाच्या माद्या होत्या. पहिल्या टाकीतल्या माद्यांना रोज सकाळी घाबरवायचं, हे माझं काम. जाळं फिरवायचं, एकेकीला क्षणभर पाण्याबाहेर धरायचं, परत सोडायचं. दुसऱ्या टाकीला त्रास द्यायचा नाही. तिच्याजवळून जाताना आम्ही चपलासुद्धा काढायचो, पावलांचा हादरा पाण्यात जाऊ नये म्हणून.

मग दोन्हीकडच्या रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजायचं. घाबरलेल्या मादीत ते चढतं, अंडी वाढवणारं हार्मोन उतरतं, आणि पोटात तयार होत आलेली अंडी ती घालतच नाही, आतल्या आत जिरवून टाकते.

हे सगळं मी इंग्रजीत शिकले. बाबा फौजेत, त्यांची इथे पोस्टिंग झाल्यापासून मी जयपूरचीच. माझी मराठी घरापुरती, तीही अडखळत. पण माझं बाळ तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हा सासूबाई साताऱ्याहून फोनवर जे बोलल्या ते मला लगेच कळलं.

"अगं, एवढं कामाचं टेन्शन घेतलंस, मग दुसरं काय होणार?"

फोन स्पीकरवर होता. नवरा शेजारी बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. त्याने एका टॉवेलची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, यात तुमचं काही चुकलेलं नाही. मी मान हलवली होती. पण जिरत चाललेली अंडी मी मायक्रोस्कोपखाली पाहिली होती, कडा चुरगळलेली, मधे ढगाळ. डॉक्टरबाईंपेक्षा मला सासूबाईंचं म्हणणं जास्त खरं वाटत होतं.

रजा संपवून कामावर गेले त्या आठवड्यात दोन्ही टाक्यांतल्या अंड्यांची तपासणी होती. लवंगेच्या तेलाच्या पाण्यात मासा गुंगतो, मग बारीक नळीने थोडी अंडी काढायची. पहिल्या टाकीचं जे व्हायचं तेच झालं होतं. दुसऱ्या टाकीतल्या माद्यांची अंडी गोल, टपोरी निघाली. एकीची सोडून. तिची चुरगळलेली होती. कॉर्टिसोल पाहिलं, ते अगदी खाली. तिला कुणी घाबरवलं नव्हतं. तिच्याजवळून तर आम्ही अनवाणी गेलो होतो.

मी सरांना बोलावलं. त्यांनी डोळा लावून पाहिलं. "होता है बेटा. एक-आध ऐसी निकलती ही है."

"लेकिन क्यों, सर?"

"हर बात का क्यों थोड़ी होता है," असं म्हणून ते चहाला गेले.

मी हात धुतले, तरी लवंगेचा वास जाईना. घरी जाताना ऑटोत मी मनातल्या मनात मराठी वाक्यं जुळवत होते. नवरा झालान्याच्या ऑफिसातून आला, हेल्मेट हातातच होतं, तेवढ्यात मी बोलायला लागले. दोन टाक्या, चपला, ती एक मादी. एवढं सलग मी त्याच्याशी कित्येक दिवसांत बोलले नव्हते.

त्याने सगळं ऐकलं. मधे एकदाही मोबाइल पाहिला नाही.

"मतलब, कारण नसताना पण होतं?"

"हो. नसताना पण."

तो खुर्चीवर बसला. माझा हात हातात घेतला, खूप हळू. मला वाटलं, आता म्हणेल, यात तुझं काही चुकलं नाही.

"तरी पण," तो म्हणाला, "तू आधीच सुट्टी घ्यायला हवी होतीस ना."

मी हात काढून घेतला नाही. त्याचेही डोळे भरले होते. थोड्या वेळाने उठून मी कुकर लावला.

सकाळी टाक्यांवर गेले. पहिल्या टाकीवर माझी सावली पडली आणि सगळ्या माद्या पलीकडच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटल्या. जाळं अजून माझ्या खांद्यावरच होतं.