गुरुलिंगअप्पांची सहा घरं

जेवायच्या सुट्टीत गुरुलिंगअप्पा खाली उतरले की आधी बूट काढायचे, मग मोजे, आणि दोन्ही पाय मातीत रोवून गप्प बसायचे. डबा उघडायची घाई नाही, कुणाशी बोलणं नाही. लातूरच्या एमआयडीसीत एका तेलगिरणीच्या शेडचं काम चालू होतं, तिथे मी हे पहिल्यांदा पाहिलं. देगलूरहून आलेला मी नवा वेल्डर. न राहवून विचारलं, "अप्पा, काय करून राहिले?"

"जमीन हाय का बघून राहिलो," ते म्हणाले. सगळी टोळी हसली. अप्पाही हसले.

अप्पा अहमदपूरकडचे. पन्नाशीला टेकलेले, काटक, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग आणि त्यावरून सेफ्टी बेल्टचा पट्टा. लिंगपूजा झाल्याशिवाय चहाचा घोट घेणार नाहीत, मग साइटवर ठेकेदार कितीही ओरडो. आमच्या कामात आधी लोखंडी कॉलम उभे राहतात. मग एक जण कॉलमच्या टोकावर जाऊन बसतो, क्रेनला लटकून येणारा बीम हातानं वळवून जागेवर घेतो, भोकाशी भोक जुळवतो आणि बोल्ट ठोकतो. तो वरचा माणूस. आमचे वरचे माणूस अप्पा.

बीम झुलत जवळ आला की ते वरून ओरडायचे, "पाव्हणा आला, सरका!" आणि मला समजावून सांगायचे, "पाव्हण्याला वढायचं न्हाई बालाजी. तो आपल्या पायानं आला तरच नीट बसतो." कुणी बीमला फार चिकटून काम करू लागला की म्हणायचे, "लोखंड आन् सासरा, दोघांम्होरं अंतर ठेवून उभं ऱ्हावं."

टोळीत अप्पा धरून सहा जण, सगळे त्यांच्याच गावचे. त्यांतले दोन त्यांचे सख्खे मेव्हणे. खाली दोर धरायला, पाने द्यायला माणसं कुठेही मिळतात. वरचा माणूस मिळत नाही. म्हणून ठेकेदार अप्पांना बोलवायचा आणि अप्पांबरोबर टोळी यायची. अप्पांनी धाकट्या मेव्हण्याला वर न्यायचा प्रयत्न एकदा केला होता. तो अर्ध्यावर कॉलमला मिठी मारून बसला. शेवटी कमरेला दोर बांधून त्याला पोत्यासारखा उतरवला. त्यावरून टोळी अजून त्याची टर उडवते, आणि तोही हसतो.

मी येण्याआधी अप्पांनी एकदा हे काम सोडलं होतं. अहमदपूरच्या मोंढ्याजवळ भावाच्या किराणा दुकानात ते गल्ल्यावर बसले. ठेकेदारानं दुसरा वरचा माणूस आणला. तो त्याची माणसं घेऊन आला. अप्पांची टोळी गावात पारावर बसून राहिली.

"कुणी भांडलं न्हाई, कुणी काही बोललं न्हाई," अप्पांनी मला सांगितलं. "रोज संध्याकाळी कुणीतरी दुकानात यायचं. काडीपेटी घ्यायचं, घडीभर बसायचं, अन् जायचं. शिव्या दिल्या असत्या तर मी बसलो असतो दुकानात. मी उतरलो की सहा घरं उतरत्यात, बालाजी." म्हणून ते पुन्हा चढले.

नंतर आम्ही अर्धापूर रस्त्याला केळी पिकवायच्या गोदामाचं काम घेतलं. त्या दिवशी दुपारी वारा होता. हायड्रा क्रेननं उचललेला बीम अप्पांनी नेहमीसारखा वळवून घेतला, पण शेवटच्या क्षणी वाऱ्यानं तो गिरकी घेऊन बसला, नेमका अप्पांच्या डाव्या हातावर. ड्रायव्हर लगेच बीम वर घ्यायला गेला तर क्रेनचा ऑईलचा पाइप फुटला. क्रेनचा लांब हात, बूम, जागच्या जागी अडकला. बीम खाली, अप्पांचा पंजा त्याच्या पोटाखाली, आणि अप्पा कॉलमच्या टोकाला. चेनपुली टांगावी तर वर आभाळाशिवाय काही नव्हतं. दुसरी क्रेन नांदेडहून यायची होती.

मी पाण्याची बाटली घेऊन शिडीनं वर गेलो. अप्पा ओरडत नव्हते. ओठ पांढरे पडले होते. मी पाणी पाजलं, रुमाल भिजवून मानेवर ठेवला. खालून थोरला मेव्हणा हाका मारत होता. अप्पा त्याला म्हणाले, "काही न्हाई रे, पाव्हण्यानं हात धरलाय!" मग मान माझ्याकडे वळवून हळू बोलले.

"बालाजी, मला भेव वाटतंय."

"आत्ता येईल अप्पा क्रेन."

"आजचं न्हाई. पोरगी झाली तवापासून वाटतंय. रोज सकाळी पहिल्या पायरीला पाय थरथरतो. खाली सांगू नको."

पोरगी तेव्हा कॉलेजात होती. मी म्हणालो, "आता तरी सोडा मग."

तेव्हा अप्पा हसले. तसा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. थकून घरी पोचलेल्या माणसाचा असतो तसा. "सुटलोच की आता. हातच गेल्यावर कोण पाठवंल वर? टोळीला बी बोलायला जागा न्हाई." त्यानंतर क्रेन येईपर्यंत ते शांत होते. कळ यायची, डोळे मिटायचे, पुन्हा उघडायचे. क्रेन लवकर यावी असं त्या कॉलमवर फक्त मला वाटत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी हात वाचवला. करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. पट्टी सोडली त्या दिवशी डॉक्टर आनंदानं म्हणाले, "पकड उत्तम राहील. काही महिन्यांत पूर्वीसारखं काम कराल." टोळीतल्या एकानं हात जोडले, धाकटा मेव्हणा रडायलाच लागला. अप्पा हात वर धरून उरलेली बोटं उघडत-मिटत राहिले. मग भिंतीकडे तोंड करून पडले.

त्यानंतर मी देगलूरला स्वतःचं ग्रिल-गेटचं दुकान टाकलं. अप्पा पुन्हा चढणार असं कळल्यावर मी त्यांच्या गावी गेलो. सकाळची वेळ होती. ते आत पूजेला बसले होते. त्यांच्या बायकोनं, महानंदावहिनींनी, मला ओसरीत बसवलं. अप्पांनी सांगू नको म्हटलेलं मी वहिनींना सांगून टाकलं आणि म्हणालो, "वहिनी, तुम्ही अडवा त्यांना. माझ्या दुकानात या म्हणावं."

त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, "मला म्हाईत हाय, भाऊ. झोपंत खाटंचा दांडा गच्च धरत्यात. मी बोटं सोडवते."

"मग बोलला का नाही कधी?"

"माझे दोन भाऊ हायेत टोळीत. त्यांच्या घरात लेकरं हायेत. मी इचारलं असतं तर ह्यांनी खरं सांगितलं असतं. मग?"

अप्पा कपाळाला भस्म लावून बाहेर आले. "काऊन आलास एवढ्या सकाळी?"

मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, "सहज आले म्हणं. चहा घेऊन राहिले."

मी दुकानाचं बोललो. अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो तीन बोटांचा. "तुझ्या दुकानात एका माणसाची जागा हाय," एवढंच म्हणाले.

दारात टेम्पो येऊन थांबला. मागं दोर, पाने आणि टोळी. त्यांनी हार आणला होता. थोरल्या मेव्हण्यानं तो अप्पांच्या गळ्यात घातला, धाकट्यानं त्यांचा बेल्ट स्वतःच्या खांद्यावर घेतला. ड्रायव्हरशेजारची जागा त्यांनी अप्पांसाठी रिकामी ठेवली होती, तिच्यावर घडी घालून घोंगडी टाकली होती. अप्पांनी एकदा घराकडे पाहिलं. वहिनी दारात नव्हत्या. ते चढून बसले, आणि बाहेरून कुणीतरी प्रेमानं दार लावून घेतलं.