न्हाणीतलं जनावर

मराठी विषय घेऊन बी.ए. झाले आणि लग्न होऊन या घरात आले, तेव्हा आपल्याला मराठी येतं अशी माझी पक्की समजूत होती. ती पहिल्याच वैशाखात न्हाणीच्या दारात सुटली.

घर तेव्हा कोल्हापूरच्या पार कडेला होतं. आता चारी बाजूंनी कॉलनी झालीय, समोर मंगल कार्यालय आहे, पण तेव्हा तिन्हीकडं ऊसच ऊस. सासरची माणसं मूळची कोडोलीची. मिस्टरांना शहरात कचेरीत नोकरी लागली म्हणून इथं चार खोल्या बांधल्या, आणि सासूबाई म्हशीसकट इकडं आल्या. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. आत्ती काटक, आवाज खणखणीत, आणि लाड करायचा झाला तरी भांडल्यासारखं बोलणार.

ऊस तुटून गेला की रान उघडं पडायचं. जमीन तापली की रानातलं जे काही सरपटतं, पळतं ते गारव्याला घराकडं यायचं. बेडूक चपलेत सापडायचा, विंचू सरपणात. घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे न्हाणी. दगडी फरशी, कोपऱ्यात पाण्याचा रांजण आणि घरामागच्या परड्यात उघडणारं मोरीचं भोक.

त्या दुपारी मी पुढच्या सोप्यात पुस्तक वाचत बसले होते. म्हणजे वाचताना दिसत होते. नवी सून वाचते हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं अशी माझी इच्छा असायची. तेवढ्यात आत्ती मागनं ओरडल्या, "पोरी, न्हाणीत जनावर हाय! आत जाऊ नगंस!"

मी शहरातल्या पेठेत, मास्तरांच्या घरात वाढलेली. जनावर म्हणजे जनावर. म्हशीचं रेडकू दावं तोडून न्हाणीत शिरलं असणार, असा मी निष्कर्ष काढला. म्हाताऱ्या बाईला ते आवरेना, आपण सुशिक्षित आहोत, आपण प्रेमानं बाहेर काढू. कडब्याची एक पेंडी उचलली, पदर खोचला आणि "चल बाळा, ये बाहेर, शहाणं गं माझं" असं म्हणत आत गेले. जिभेनं टॉक टॉकसुद्धा केलं.

रांजणाच्या बुडाशी वेटोळं होतं. त्यातून फणा वर आला आणि माझ्या हातातल्या वैरणीसमोर डोलायला लागला. नागाला कडबा घालायला गेलेली पन्हाळ्यापासून कागलपर्यंत मी एकटीच असेन.

आत्तींनी मागनं येऊन अंबाड्याला धरून मला बाहेर खेचलं. नाग मोरीच्या भोकातून निघून गेला. संध्याकाळी मिस्टर घरी आले, त्यांना आत्तींनी सगळं साभिनय सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "धार काढलीस का मग? किती निघालं दूध?" असं जेवायला बसेपर्यंत चाललं होतं.

मला राग आला होता. शहाण्या माणसाला स्वतःच्या मूर्खपणाचा येतो तसा, म्हणजे दुसऱ्यावर.

"साप म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?" चुलीपाशी बसलेल्या आत्तींना मी म्हणाले. "साप म्हटलं असतं तर मी कशाला गेले असते आत?"

"नाव घिऊ नगंस त्याचं."

"नाव घेतल्यानं काय होतं? हाक मारली म्हणून येतो का तो? त्याला तर कानच नसतात." हे मी वर्गात फळ्यापुढं उभी असल्यासारखं म्हणाले.

आत्तींचे हात भाकरीवर थांबले. "माझ्या थोरलीला पान लागलं," त्या म्हणाल्या. "सात वर्साची हुती."

सुपारी लागते हे मला माहीत होतं. माझ्या आत्याच्या लग्नात एकीला लागली होती, तिला गूळ खायला घालून वारा घातला होता. तसंच काहीतरी पानाचं असणार. बी.ए.बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीला पान कशाला दिलंत खायला?"

मिस्टरांचा घास हातात राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, आणि आत्तींनी ती उलटली नाही.

"म्या न्हाय गं दिलं," त्या खाली बघत म्हणाल्या.

पान लागणं म्हणजे साप चावणं. हे मला मिस्टरांनी सांगितलं. कोडोलीच्या घरी परड्यात शेणी, म्हणजे गोवऱ्या, रचून ठेवलेल्या असायच्या. चूल पेटवायला आत्तींनीच पोरीला शेणी आणायला धाडलं, आणि जाताना लाडानं म्हणाल्या, "लवकर ये, न्हायतर साप धरंल." पोरीनं ढिगात हात घातला. मिस्टर तेव्हा चार वर्षांचे. त्यांनाही हे कुणी नीट सांगितलं नव्हतं, इकडून-तिकडून कानावर आलेलं. "आईला वाटतं, तिनं नाव घेतलं म्हणून ते आलं," ते म्हणाले. "घरात आक्काचा विषय कोण काढत न्हाय. आता तू बी काढू नको."

मी माफी मागितली नाही. मागायची तर पुन्हा तोच विषय काढायला लागला असता, ही सबब मला फार सोयीची वाटली. त्याऐवजी मी ठरवलं, या घरात साप हा शब्द आपल्या तोंडून निघणार नाही. आत्तींनी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्या ध्यानात आलं असावं. पुढच्या वर्षी न्हाणीत पुन्हा निघालं, तेव्हा मीच परड्यातनं ओरडले, "आत्ती, जनावर हाय!" त्या काठी आपटत आल्या आणि जाताना माझ्या पाठीवर एक थाप मारून गेल्या. एवढंच आमचं बोलणं.

पुढं मी शाळेत मास्तरीण झाले. शाळेत मी साप म्हणत होते. तिथं पर्यायच नव्हता, धडाच होता. पण शाळेच्या फाटकातून बाहेर पडलं की शब्द बंद. नागपंचमीला मी नुसती पंचमी म्हणायचे. सापशिडी आणली मुलासाठी, तिला नाव दिलं शिडीचा खेळ. मुलगा शाळेत जाऊन "शिडीचा खेळ" म्हणाला आणि पोरं त्याला हसली. "आई, तू टीचर आहेस ना?" असं त्यानं मला विचारलेलं आठवतं. आत्ती गेल्या, नंतर मिस्टर गेले, घरात त्या शब्दानं दुखावणारं कुणी उरलं नाही, तरी तो माझ्या जिभेवर आला नाही. विश्वास म्हणाल तर माझा तेव्हाही नव्हता. लाज होती, आणि लाजेला सवयीचं रूप आलं की ती शिस्तीसारखी दिसते.

गेल्या उन्हाळ्यात माझी नात पंधरा दिवस माझ्याकडं राहिली. आई-बाप पुण्याला नोकरीवर. पोर सात वर्षांची. ऊन असं की दुपारी टाकीचं पाणी नळातून कढत यायचं, आणि न्हाणीतल्या पिंपात भरून ठेवलेलं तेवढं गार. रांजण जाऊन निळं प्लॅस्टिकचं पिंप आलंय, फरशीवर टाइल्स आल्यात, मोरीला जाळी बसवलीय. जाळीचा एक स्क्रू निघालेला मी महिनाभर बघत होते.

पोर पायावर पाणी घेत बसली होती. मी साबण ठेवायला म्हणून दारात गेले आणि मला दिसला. पिंपाच्या स्टँडखाली, तिच्या पावलापासून दोन हातांवर, वेटोळं घालून. फणा नव्हता काढलेला. डोकं मात्र वर होतं.

"बाळा," मी म्हणाले, "जनावर आहे. हलू नको."

तिनं मान वळवली. चेहरा फुलला. "कुठे? मांजर?"

आणि ती वाकली. एक हात टाइल्सवर टेकून दुसरा स्टँडकडं पुढं केला आणि जिभेनं च्‌ च्‌ करायला लागली.

मला तिच्यात मी दिसले, कडबा घेऊन. नागानं फणा काढला. माझ्या तोंडातून पुन्हा "जनावर, जनावर" एवढंच निघत होतं, आणि पोर त्यावर हसत म्हणत होती, "अगं हो, पण कुठलं?" तो शब्द घशात होता. मी तो ओढून काढला असंच म्हणायला लागेल. पुढं बोलले तो आवाज मला माझा वाटला नाही.

"साप. साप आहे तिथं. साप."

ती थिजली. पुढं केलेला हात तसाच राहिला. तेच बरं झालं. मी तिला म्हणाले, माझ्याकडं बघ, त्याच्याकडं नको. तिनं बघितलं. किती वेळ गेला सांगता येत नाही, दोन श्वासांचा असेल. फणा खाली आला आणि ते लांबडं अंग सावकाश पिंपाच्या मागं सरकलं. मग मी म्हणाले, ये. ती आली. दार लावलं, फटीत टॉवेल कोंबला आणि दाराला पाठ लावून खाली बसले. माझे गुडघे मला खाली बसू देत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही.

शेजारणीनं सर्पमित्राला फोन केला. तो गॅरेज चालवतो, हाताला ग्रीस तसंच घेऊन स्कूटरवरून आला. दहा मिनिटांत नाग बरणीत. बाहेर येऊन म्हणाला, "आज्जी, मोठा पावणा आलता की तुमच्याकडं! कुणी काठी मारली न्हाईसा, लई चांगलं केलासा." वनखात्यात नोंद करून लांब रानात सोडतो म्हणाला, आणि जाताना खिशातल्या स्क्रूनं मोरीची जाळी बसवून गेला.

शेजारीण हळूच म्हणाली, "काकू, घरात नाव घेतलासा काय त्याचं? म्हणून तर आलं नसंल?"

"आल्यावर घेतलं," मी म्हणाले.

चहा झाला, सगळे गेले. पोर माझ्या मांडीला चिकटून बसली होती. तिनं विचारलं, "आजी, तू आधीच साप का नाही म्हणालीस? मी हात घालणार होते."

हाच प्रश्न मी चुलीपाशी विचारला होता. तेव्हा मी तावातावानं विचारला होता, ही घाबरून विचारत होती. मी तिला सांगितलं. गोष्टीसारखं नाही, सरळ. तुझ्या आजोबांना एक मोठी बहीण होती, तुझ्याएवढी. शेणी आणायला गेली आणि तिला साप चावला. ती गेली. म्हणून तुझी पणजी ते नाव घेत नव्हती, म्हणून मीही घेत नव्हते.

पोरीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिचं नाव काय?"

मी आठवायला लागले.

आत्ती थोरली म्हणायच्या. मिस्टर आक्का म्हणायचे. त्यापलीकडं मला काही माहीत नव्हतं. तीसहून जास्त वर्षं मी रोज सकाळी हजेरी घेतली, पन्नास-पन्नास पोरांची नावं तोंडपाठ होती, आणि ज्या घरात राहिले त्या घरच्या एका पोरीचं नाव मी विचारलं नाही. सापाचं नाव झाकता झाकता तिचंही झाकलं गेलं. आणि मला वाटत होतं, मी आत्तींचं मन जपतेय.

कोडोलीला चुलत सासऱ्यांच्या घरी फोन केला. तिथं एक म्हाताऱ्या जाऊबाई आहेत. "थोरलीच म्हनत हुते की सगळी," त्या म्हणाल्या. "मी लगीन हून आले तवा ती जाऊन लई वर्सं झालती."

मग माझ्या डोक्यात उशिरा का होईना मास्तरीण जागी झाली. सात वर्षांची म्हणजे पहिलीत नाव घातलेलं असू शकतं. नाव घातलं असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असणार. ते रजिस्टर शाळा कधी टाकत नाही.

नातीला पुण्याला पोचवून आले आणि दुसऱ्या दिवशी कोडोलीच्या एसटीत बसले. सुट्टी असली तरी शाळेचं ऑफिस उघडं होतं. मुख्याध्यापिका माझ्या मुलाच्या वयाच्या. मला बघून म्हणाल्या, "जातीच्या दाखल्याला नोंद पाहिजे ना? हल्ली रोज कुणी ना कुणी येतंय. आडनाव सांगा." मी आडनाव सांगितलं, सासऱ्यांचं नाव सांगितलं, साल अंदाजानं सांगितलं. त्यांनी कपाटातनं तीन जाडजूड रजिस्टरं काढून दिली. पानांच्या कडा पापडासारख्या मोडत होत्या. दोन तास बोट फिरवत बसले.

सापडलं. नाव, त्याच्यापुढं सासऱ्यांचं नाव, पहिलीत दाखल. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात कुणा मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं: साप चावून मयत. आमच्या घरात न घेतलेली दोन्ही नावं एकाच ओळीत इतकी वर्षं नीट बसून होती.

"कोण तुमच्या?" बाईंनी विचारलं.

"माझ्या वन्सं." थोरल्या नणंदेला म्हणायचा हा शब्द. मी तो आयुष्यात पहिल्यांदा वापरत होते.

"नक्कल काढून देऊ का? दाखल्याला लागेल."

"दाखल्याला नको," मी म्हणाले. "नाव तेवढं पाहिजे होतं."

शाळेच्या पायरीवर बसून पुण्याला फोन लावला. सुट्टी चालू होती, पोर घरीच होती. तिला नाव सांगितलं. तिनं ते एकदा चुकीचं म्हटलं, मग बरोबर म्हटलं आणि हसली. "किती जुनं नाव आहे गं आजी!"

"जुनंच आहे," मी म्हणाले. "परत म्हण."