घट्ट वरण

लग्न होऊन मी समुद्रपूरजवळच्या एका गावात आले, तेव्हा सत्त्याहत्तर साल होतं. माझं माहेर केळझरचं. मी मॅट्रिक झालेली, आणि त्याचं सासरच्यांना थोडं कौतुकही होतं. घरात सासू, सासरे आणि आम्ही दोघं. नवरा हिंगणघाटला कापसाच्या एका जिनात नोकरीला होता, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या बसने परत जायचा. शेतात कापूस आणि तूर, कोठ्यात बैलजोडी आणि एक गाय. खाण्यापिण्याची ददात नव्हती. हे मी आधीच सांगते, कारण पुढे माझं जे झालं ते गरिबीमुळे झालं नाही.

जेवणाची रीत ठरलेली होती. आधी सासरे जेवत, नवरा घरी असला की तोही त्यांच्यासोबत. मग शेतावरून कोणी आलं असेल तर त्याचं पान. सगळ्यांचं आटोपलं की सासूबाई आणि मी चुलीपाशी बसायचो. तोवर भाजीच्या कढईत तर्री उरलेली असायची. वरणाचं घट्ट आधीच संपलेलं, म्हणून सासूबाई त्यात तांब्याभर गरम पाणी ओतून वरून तिखट-मीठ टाकायच्या. भाकरी मात्र भरपूर. ज्वारीची भाकर त्या पाण्यात कुस्करून आम्ही पोटभर जेवायचो. पोट भरत होतं, म्हणून काही कमी पडतंय असं दोघींच्याही मनात आलं नाही. दूध सासऱ्यांच्या चहाला आणि रात्री त्यांच्या भातावर. उरलं तर विरजण.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. चौथा महिना लागला आणि मला माती खावीशी वाटू लागली. आमच्याकडे भिंती पांढऱ्या मातीने सारवत. ओल्या भिंतीचा वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. कोठ्यामागे जाऊन मी भिंतीचे पोपडे नखाने काढायची आणि तोंडात टाकायची. लाज वाटायची, पण हात थांबायचा नाही. त्यातच पाण्याची घागर आणताना दम लागू लागला. विहिरीवरून घरी येईपर्यंत दोनदा टेकावं लागे. शेजारच्या बायका म्हणायच्या, "पह्यलटकरीन हाय, असंच होते." आणि वर सल्ला द्यायच्या, "जास्त जेवू नको व. पोट भरलं तं लेकराले जागा राहत नाई."

कापूस वेचायच्या दिवसांत एकदा मी कोठ्यामागे उभी असताना सासूबाई शेणाची टोपली घेऊन आल्या. माझ्या ओठांना पांढरी माती लागलेली. मी पदराने तोंड पुसलं. आता बोलणी बसणार, असं वाटलं.

त्यांनी टोपली खाली ठेवली. "काय खाऊन राह्यली व?"

मी हातातला पोपडा पदराआड केला.

"माती?" त्या जवळ आल्या, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. "कवापासून?"

"दीड-दोन महिने झाले, आत्याबाई."

त्या रागावल्या नाहीत. टोपली पुन्हा उचलता उचलता म्हणाल्या, "उद्या समुद्रपूरले जाऊ. दवाखान्यात."

आमच्या घरातून बाळंतपणाआधी दवाखान्यात कोणी गेलं नव्हतं. सासरे म्हणाले, "काऊन? ताप गिप आला का तिले?" सासूबाईंनी एवढंच सांगितलं, "ताप नाई, पण पोट्टी पांढरी पडून राह्यली." सकाळच्या एसटीने आम्ही निघालो.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, बोलायला मोकळ्या. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, नखं दाबली, बोट टोचून रक्त काढलं. मातीचं मी खालमानेने सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ही खोड नव्हे. रक्त फार कमी झालं की पुष्कळ बायकांना माती खावीशी वाटते. पण मातीने रक्त वाढत नाही. उलट पोटात जंत होतात. जेवणात काय असतं?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "सगळं असते. तुरीची डाळ घरची, गाय हाय, परसात भाजी हाय. घरात काई कमी नाई, बाई."

"घरात नाही, आजी. हिच्या ताटात काय येतं?"

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. मग त्यांनी खरं तेच सांगितलं, कोण आधी जेवतं, मागे काय उरतं आणि त्यात पाणी कसं ओततो ते.

डॉक्टरीणबाईंनी दोष दिला नाही. समजावून सांगितलं. रक्त तयार व्हायला लोह लागतं, ते डाळीत आहे, हिरव्या पाल्यात आहे, तिळात आहे. नुसत्या भाकरीने पोट भरतं, पण अंग भरायला भाकरीसोबत घट्ट डाळ हवी, दोन्ही मिळून काम करतात. पालेभाजीवर लिंबू पिळा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको. आणि पोटातलं मूल आईच्या रक्तावरच वाढतं, आईने कमी खाल्लं तर मूल अशक्त होतं, बाळंतपण सोपं होत नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि शौचाला काळं होईल, घाबरू नका, असंही सांगितलं.

आम्ही उठलो तेव्हा मला कुठून धीर आला कोण जाणे. मी म्हटलं, "आत्याबाईंना पण पाहता का? माळ्यावर चढताना त्यांना दम लागतो. पाय दुखतात."

"मले काय झालं? चाल," सासूबाई म्हणाल्या. पण डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवलंच. त्यांचीही पापणी आतून पांढरी निघाली. माझ्याइतकी नाही, पण तीच गत. त्यांनाही गोळ्या मिळाल्या.

बाजारात त्यांनी लिंबं घेतली, पालकाची जुडी घेतली. परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा दिली. गाव जवळ आलं तेव्हा बाहेर पाहत म्हणाल्या, "मले वाटलं, म्हातारपण हाय." पन्नाशीही गाठली नव्हती त्यांनी. मी त्यांच्या हातातली पिशवी माझ्या मांडीवर घेतली.

त्या संध्याकाळी त्यांनी वरण रोजच्यापेक्षा जास्त टाकलं. सासरे हातपाय धुऊन पाटावर बसले. सासूबाईंनी तीन ताटं मांडली. घट्ट वरण तिन्ही ताटांत सारखं, पालकाची भाजी सारखी, लिंबाच्या तीन फोडी. मग मला म्हणाल्या, "बस."

मी भिंतीशी उभी. सासऱ्यांसमोर मी कधी जेवायला बसले नव्हते.

सासऱ्यांनी तिन्ही ताटांकडे पाहिलं. "हे काय हाय?"

"तिच्या अंगात रक्त नाई. माह्या बी अंगात नाई," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "आता मागून नाई जेवत आमी. तुमाले आमच्यासंगं बसाची लाज वाटत असन तं तुमचं ताट ओसरीवर आणून देतो."

मला वाटलं, आता ताट भिरकावलं जाईल. सासऱ्यांनी ताट पुढे ओढलं. मग त्यांनी भाकरी मोडली, वरणात बुडवली आणि खाली मान घालून जेवू लागले. दुसऱ्या दिवसापासून ते आपलं ताट ओसरीवर मागू लागले. लाज त्यांना वाटत होती की आम्हाला वाटू नये म्हणून ते करत होते, हे मला कधीच नीट कळलं नाही. पण पुढच्या बाजारच्या दिवशी त्यांनी फुटाण्यांची आणि गुळाची पुडी आणली आणि माझ्याजवळ न देता चुलीपाशी ठेवून दिली. "पोरीले देजो," एवढंच सासूबाईंना म्हणाले. त्यानंतर ती पुडी दर बाजाराला येत राहिली.

गोळ्यांनी पहिले काही दिवस मळमळलं. सासूबाई समोर बसून गिळायला लावायच्या, स्वतःचीही गोळी माझ्यासमोरच घ्यायच्या. परसातली अंबाडी, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग, जवसाची चटणी, सगळं तेच होतं जे घरात आधीपासून पिकत होतं. फक्त आता ते आमच्यापर्यंत येत होतं. सातव्या महिन्यात विहिरीवरून घागर आणताना मला कुठेच टेकावं लागलं नाही. मातीची ओढ कधी सुटली तेही लक्षात आलं नाही.

समुद्रपूरच्या दवाखान्यातच मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. आमच्याकडे पहिलं पिवळसर दूध पिळून टाकायची पद्धत. दवाखान्यातल्या नर्सने ते बाळाला पाजा म्हटलं तेव्हा सोबतच्या बायकांनी तोंडं वाकडी केली. सासूबाई म्हणाल्या, "वासराले आपण गाईचा चीक पाजतोच ना. मंग आपल्या लेकराले काऊन नाई?" आणि बाळाला माझ्या कुशीत दिलं.

पुढच्या वर्षांत गावात कुणाची सून गरोदर असली की सासूबाई काही ना काही निमित्ताने तिथे जायच्या. सांगायची पद्धत त्यांची स्वतःची होती. "तुयी सून जेवते कवा?" असं थेट सासूलाच विचारायच्या. काही जणींना राग यायचा. काही घरांत सुनांची ताटं लवकर मांडली गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

माझा मुलगा ब्याऐंशी साली झाला. दोन्ही मुलं धट्टीकट्टी वाढली आणि मी आजही माझी कामं माझ्या हातांनी करते. हे सगळं मला कुणामुळे मिळालं, ते मला ठाऊक आहे. आभार मानायची रीत आमच्या घरात नव्हती आणि मलाही ते कधी तोंडाने म्हणता आलं नाही.

पण सोबत जेवायला लागल्यावर आणखी एक गोष्ट झाली. आधी आम्ही उरलंसुरलं घाईघाईने संपवून भांड्यांना लागायचो, बोलायला सवड नसे. आता दुपारी मुलं निजली की आम्ही दोघी ताटं घेऊन निवांत बसायचो आणि सासूबाई बोलायच्या. त्यांचं माहेर तळेगावकडचं. एकदा भाकरीचा घास हातात धरून त्या म्हणाल्या, "मले पोहता येत होतं, तुले मालूम हाय का? नदीच्या डोहात दगडावरून उडी घेत जाओ मी. पोट्टे भेत, मी नाई."

"खरंच, आत्याबाई?"

"मंग! माय काठी घेऊन ये, अन् मी पान्यातून वरच नाई ये." त्या इतक्या हसल्या की घास बाजूला ठेवावा लागला. मलाही हसू आवरेना. ओसरीवरून सासऱ्यांनी विचारलं, "काय झालं व?" सासूबाईंनी मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं, आणि माझ्या ताटात आणखी एक पळी घट्ट वरण वाढलं.